घरात नेटची केबल: कोणती घ्यावी आणि भिंतीतून कशी न्यावी?

नवी_खिडकी:
घराचं काम काढलंय. तळमजला आणि वर एक मजला, विटांच्या भिंती, मधे स्लॅब. वायरिंग सगळं नव्याने होणार आहे आणि झिर्‍या मारायला (पाइपासाठी भिंतीत खाचा पाडायला) अजून सुरुवात नाही, म्हणून आत्ताच विचारून घेते, एकदा गिलावा झाला की भिंतीला हात लावू देणार नाही असं घरच्यांनी बजावून ठेवलंय. राउटर खाली असणार, वरच्या दोन खोल्यांत दिवसभर कामाचे कॉल चालतात, टीव्ही खाली, शिवाय बाहेर दोन कॅमेरे लावायचे आहेत. प्रश्न असे की केबल कॅट ६ प्रतीची घ्यावी का ७ का ८, दुकानदार म्हणतो नंबर जितका मोठा तितकं चांगलं. आणि आमचे वायरमन म्हणतात की वेगळा पाइप कशाला, लाइटच्या पाइपातूनच ओढून देतो, काही होत नाही. खरंच काही होत नाही का? जाणकारांनी प्रकाश पाडावा.

शेवटची_पायरी:
२०व्या शतकातला प्रश्न. मेश वायफाय घ्या, म्हणजे घरभर एकमेकांना सिग्नल देणारे दोन-तीन डबे, विषय संपला.

काथ्याकूट_प्रेमी:
आला, पहिल्याच प्रतिसादात मेश आला. आता धागा शंभरी गाठणार.

पाना_पक्कड:
@शेवटची_पायरी, मेशवाल्या डब्यांनाही एकमेकांशी बोलावं लागतं ना. तार नसेल तर ते हवेतूनच बोलणार, म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि वरचा डबा एकाच हवेत वाटेकरी. त्यात मधे लोखंड भरलेला स्लॅब, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे चांगलाच मार खातो. वरच्या मजल्याच्या छताला एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा) आणि त्याला खालून तार, एवढं केलं तर तुमचं मेशही सुखात चालेल. वायफाय हवं म्हणूनच तार हवी, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

नंबरांचं थोडं सविस्तर सांगतो. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते आणि १ गिगाबिट पूर्ण १०० मीटरपर्यंत नेते. २०१६ च्या मानकानुसार त्याच तारेवर २.५ गिगाबिटही चालतं. कॅट ६ म्हणजे २५० मेगाहर्ट्झ, तिच्यावर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत, बर्‍याच केबल्स एकत्र घट्ट बांधलेल्या असतील तर त्याहून कमी. कॅट ६ए ५०० मेगाहर्ट्झ, १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर. घरात कुठलीही ओढ ५५ मीटरची होत नाही, झाली तर घर नाही, हॉटेल आहे ते. त्यामुळे साधी कॅट ६ घ्या आणि उरलेलं लक्ष पाइपावर द्या.

कॅट ८ ही २५ आणि ४० गिगाबिटसाठी आहे, आणि तीही फक्त ३० मीटर. सर्व्हरच्या खोलीत एका कपाटातून शेजारच्या कपाटात जायला. कॅट ७ ची गंमत वेगळीच. अमेरिकेच्या टीआयए मानकात ती नाहीच. आयएसओच्या मानकात आहे, पण तिथे तिची जोडणी जीजी४५ किंवा टेरा अशा वेगळ्या जातीची. नेहमीचा आरजे४५ प्लग लावून कॅट ७ म्हणून विकतात ते नुसतं वेष्टनावरचं नाव.

रंगीत_खडू:
पण जास्तीचं घेऊन ठेवलं तर बिघडतं काय? वीस वर्षं भिंतीत राहणार आहे ती.

पाना_पक्कड:
बिघडतं. जाड असते, कडक असते, बेंडमधून वळत नाही, पेटीत मागे गुंडाळून ठेवायला जागा पुरत नाही आणि वर धातूचं वेष्टन (शील्ड) असेल तर ती अर्थिंगला नीट जोडावी लागते. न जोडलेली शील्ड नुसती नावाला. घरात बिनशील्डची यूटीपीच बरी, तिच्यातल्या तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात तेच तिचं संरक्षण. बाहेरून येणारा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि पलीकडचं यंत्र दोन्हींमधला फरक तेवढा वाचतं, गोंगाट वजा होऊन जातो.

उलटा_स्क्रू:
नंबरापेक्षा आधी धातू बघा. बाजारात सीसीए नावाची तार सर्रास मिळते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. खोक्यावर मोठ्ठं कॅट ६ लिहिलेलं असतं पण मानकात कॅट ६ म्हणजे पूर्ण तांबं. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि वर ठिसूळ, दोन-चारदा वाकवली की मोडते.

ओळखायची कशी, तर एक तार सोलून ब्लेडने अलगद खरवडा. खरं तांबं खरवडलं तरी आत लालच दिसतं, सीसीए लगेच पांढरट चमकते. कापलेलं टोक भिंगाखाली धरलं तरी कळतं, कडेला लाल कड आणि मधे चांदीसारखा ठिपका. खोकं उचलूनच अंदाज येतो खरं तर, हलकं लागतं.

आमच्या ओळखीत एकांकडे कॅमेरा रात्री अंधार पडला की बंद पडायचा आणि परत सुरू व्हायचा, रात्रभर तेच. दिवसा एकदम ठणठणीत. कॅमेरा बदलून झाला, नेटचा स्विच (एका लाइनीला अनेक यंत्रं जोडणारा डबा) बदलून झाला. शेवटी कळलं की केबल सीसीए, आणि कॅमेरा पीओईवर, म्हणजे वीजही तिच्यातूनच. अंधार पडला की कॅमेर्‍याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, एवढ्या लांबीवर व्होल्टेज पडतं, कॅमेरा झोपतो. झोपला की दिवे बंद, व्होल्टेज परत वर, की परत जागा.

काथ्याकूट_प्रेमी:
माझंही असंच होतं रात्री. तपासून घ्यायला हवं आत तांबं आहे का.

शेवटची_पायरी:
=)) =))

ओलावा:
पीओई म्हणजे त्याच तारेतून कॅमेर्‍याला वीज पण जाते ना? मग ती धोक्याची नाही का? आणि नेटच्या तारेला लो व्होल्टेज म्हणतात, ते नक्की किती?

उलटा_स्क्रू:
हो, त्याच तारेतून. साधारण ४४ ते ५७ व्होल्ट डीसी. २००३ च्या पहिल्या मानकात पोर्टवरून १५.४ वॅट निघतात आणि वाटेतली गळती धरून पलीकडे १२.९५ वॅट मिळतील असं गृहीत धरलंय. २०१८ च्या मानकात हा आकडा ९० वॅटपर्यंत गेला. स्विच आधी पलीकडचं यंत्र पीओईवालं आहे का ते तपासतो, मगच वीज सोडतो, त्यामुळे लॅपटॉप जळत नाही. पण बाजारात पॅसिव्ह नावाचे स्वस्तातले अडॅप्टर मिळतात ते असलं काही विचारत नाहीत, सरळ वीज सोडतात. त्यांच्यापासून जपून. आणि बर्‍याच पीओई केबल्स एका गठ्ठ्यात आवळून बांधू नका, आतल्या केबल्स तापतात.

तिरकी_रेघ:
अवांतर: लो व्होल्टेजवरून आठवलं. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात पण घंटी वाजताना वर ७५-९० व्होल्ट एसी येतात. आमचे एक काका फोनची वायर दाताने सोलत होते आणि नेमका तेव्हा कोणाचा तरी फोन आला. फोन करणार्‍याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याने काय केलं.

काथ्याकूट_प्रेमी:
काकांनी फोन "उचलला" म्हणायचा की.

झिरीवाला:
मी स्वतः वायरिंगचीच कामं करतो म्हणून लिहितो. लाइटच्या पाइपातून नेटची केबल नेलेली घरं मी ढिगाने बघितलीत, नेट व्यवस्थित चालतं, कोणाची तक्रार नाही. लोक नेटवर वाचतात आणि आम्हाला येऊन शिकवतात. वेगळी झिरी म्हणजे वेगळं खोदकाम, वेगळा गिलावा. नवी_खिडकी ताईंचे वायरमन अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

पाना_पक्कड:
झिरीवाला भाऊ, नेट चालतं हे शंभर टक्के मान्य. मी वर लिहिलंच आहे की पिळलेल्या जोड्या गोंगाट खपवून घेतात. पण तो मुद्दाच नाही. लोक "इंटरफिअरन्स येतो" म्हणून वेगळा पाइप मागतात, मग वायरमन चालवून दाखवतो आणि वाद संपतो. खरा मुद्दा आहे की नेटच्या केबलचं पातळ इन्सुलेशन मेन लाइनच्या शेजारी आयुष्य काढण्यासाठी बनवलेलंच नाही. उद्या त्या पाइपात कोणी आणखी एक वायर ओढली, ओढताना घासून दोन्हींची सालं गेली, किंवा कोणी भिंतीत खिळा ठोकला, तर फेज थेट नेटच्या तारेवर. आणि ती तार कुठे जाते? वरच्या खोलीत, मुलाच्या लॅपटॉपपर्यंत.

उलटा_स्क्रू:
इथे एक मुद्दा उलट बाजूने. इथरनेटच्या पोर्टमधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, मानकानुसार त्याला १५०० व्होल्टची एक मिनिटाची चाचणी झेलावी लागते. म्हणजे फेज लागली तरी लॅपटॉप सहसा वाचेल.

पाना_पक्कड:
लॅपटॉप वाचेल हो. पण पॅच पॅनेलमागे, म्हणजे सगळ्या केबल्स येऊन मिळतात त्या पट्टीमागे, उघड्या तारा बोटात धरून पंच (खाचेत दाबून पक्क्या) करणार्‍या माणसाला ट्रान्सफॉर्मर लावलेला नसतो. आणि वाईट म्हणजे एमसीबी पडेलच असं नाही, तार नुसती जिवंत होऊन बसून राहील. नेटची वायर म्हणून कोणीही बिनधास्त हात लावतं, मेन बंद करायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

झिरीवाला:
हे मात्र पटलं. उघड्या टोकाला आम्हीच हात लावतो, गिर्‍हाईक नाही. पण मग वेगळी झिरी किती लांब ठेवायची ते सांगा, कोणी एक फूट म्हणतं कोणी एक इंच म्हणतं.

पाना_पक्कड:
नियम देशागणिक वेगळे आहेत, अमेरिकेच्या संहितेत कमीत कमी ५० मिमी आहे, पण ते किमान झालं. लांबवर समांतर धावत असेल तर जमेल तितकं लांब, २०० मिमी मिळाले तर झकास, ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा. एसी, गीझर, मोटर यांच्या जाड वायरपासून आणखी दूर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइपही वेगळा, पेटीही वेगळी.

रंगीत_खडू:
+१. आमच्या इमारतीत एकाने केबल टीव्हीची कोएक्स, नेट आणि दारावरची बेल सगळं एका पाइपात कोंबलंय. ते चालतं का?

उलटा_स्क्रू:
ती सगळी कमी व्होल्टेजची मंडळी, आपसात नांदतात. फक्त बेल थेट मेनवर चालणारी असेल तर ती या कुटुंबातली नाही, तिला बाहेर काढा.

पिवळा_दिवा:
पाइपाबद्दल कोणी नीट लिहीत नाहीये म्हणून लिहितो, वाद नंतर घाला. २५ मिमीचा पाइप टाका. आतला व्यास २१-२२ मिमी धरला आणि चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही हा नेहमीचा हिशोब धरला तर ६ मिमी जाडीच्या चार-पाच केबल्स बसतात. दोन ओढण्याच्या पेट्यांमधे ९० अंशाची दोनपेक्षा जास्त वळणं नकोत, तिसरं वळण आलं की मधे पेटी द्या. काटकोनी एल्बो अजिबात नको, लांब बेंड वापरा. केबल वळताना तिच्या जाडीच्या चौपट तरी त्रिज्या हवी, म्हणजे ६ मिमीला २४-२५ मिमी. ओढताना जोर ११० न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण ११ किलोच्या वजनाएवढा, एका माणसाने हाताने आरामात ओढता यावी इतपत. दोघं लोंबकळून ओढायला लागले की समजा आतल्या जोड्यांचा पीळ ताणला गेला, बाहेरून केबल नवीच दिसणार. एकाने मागून सरकवत राहायचं आणि दुसर्‍याने ओढायचं. अडलं तर केबल वंगणाची पेस्ट मिळते ती लावा, तेल किंवा ग्रीस लावू नका, साल खराब होते.

आणि प्रत्येक पाइपात केबलबरोबर एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढे ज्याला ओढायचंय तो दुवा देईल.

काही रिकामे पाइप पण टाका. आज काय टाकायचं यावर इथे चार मतं आहेत, पुढे काय येईल कोणाला माहीत.

नवी_खिडकी:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार सगळ्यांचे. पिवळा_दिवा, दोरीचं खास लिहून घेतलंय. फायबरचं काय? एका मैत्रिणीचा आग्रह आहे की आता घरभर फायबरच टाक, तांबं जुनं झालं.

उलटा_स्क्रू:
फायबरला वीजच वाहून न्यायची नसते, त्यामुळे लाइटजवळून गेली तरी शॉकचा प्रश्न नाही. घरासाठीच्या जी.६५७.ए२ जातीच्या फायबरला ७.५ मिमीची त्रिज्याही पुरते. पण टोकाला स्प्लाइस करायला (फायबर सांधायला) मशीन लागतं, टीव्हीला आणि लॅपटॉपला फायबरचं भोक नसतं, आणि कॅमेर्‍याला तिच्यातून वीज देता येत नाही. खोल्यांना तांबं, आणि बाहेरून नेटवाल्याची लाइन येते तिथून राउटरच्या जागेपर्यंत रिकामा पाइप, त्यातून तो त्याची फायबर ओढेल. सुटलेल्या टोकात डोळा लावून उजेड येतोय का बघू नका, १४९० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला दिसतच नाही.

घर आणि अंगणातली वेगळी खोली किंवा गेटची चौकी, अशा दोन इमारती जोडायच्या असतील तर मात्र फायबरच. वीज जवळपास पडली तरी दोन ठिकाणच्या जमिनीच्या व्होल्टेजमधे मोठा फरक येतो आणि तो तांब्याच्या तारेतून वाट काढतो. फक्त आत लोखंडी आधारतार नसलेली जात घ्या, नाहीतर मुसळ केरात.

ओलावा:
बाहेरच्या कॅमेर्‍याला आतलीच केबल चालेल का? वळचणीखालून जाणार आहे, पाऊस थेट लागत नाही.

पिवळा_दिवा:
पावसापेक्षा ऊन वाईट. आतल्या केबलची पीव्हीसी साल उन्हाने तडकते आणि मग पाणी आत. बाहेरच्यासाठी काळ्या पॉलिइथिलीनच्या सालीची घ्या, जमिनीखालून न्यायची असेल तर जेल भरलेली. केबल भिंतीत शिरायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, केबल धरून घरात येणार नाही. आणि भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा.

तिरकी_रेघ:
प्लग मारायचं कोणी बोललं नाही अजून. माझ्या दिराने घरी हौसेने केबल टाकली आणि रंग त्याला सोयीचे वाटले तसे लावले, जोडीशेजारी जोडी, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, दोन्हीकडे सारखीच. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. घरच्यांना बोलावून दाखवले. आणि नेट मात्र लांबच्या खोलीत अडखळत, कधी लागायचं कधी नाही.

पाना_पक्कड:
क्लासिक. याला स्प्लिट पेअर म्हणतात. प्लगमधे एक जोडी ३ आणि ६ वर जाते, ३-४ वर नाही. दिराने सरळ लावल्यावर ३ आणि ६ वर दोन वेगळ्या जोड्यांमधली एकेक तार आली, पिळाचा फायदा गेला. दिव्यांच्या टेस्टरला फक्त तार पोचली का एवढंच कळतं, कुठली कोणाबरोबर पिळलीय ते त्याच्या गावीही नसतं. टी५६८बी या प्रमाण जोडणीतला क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टी५६८ए घ्या किंवा बी घ्या, सगळ्या घरात एकच. पीळ टोकाला १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका.

अजून एक, नेट चालू आहे पण वेग बरोबर १०० वरच अडकलाय असं कधी दिसलं तर आधी टोकं तपासा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एखादी जोडी सुटली तर यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात, ती दोन जोड्यांवरही चालते. लोक नेटवाल्याशी भांडत बसतात.

शेवटची_पायरी:
हे माझ्याकडे आहे!! बरोबर ९४ च्या आसपास येतं, वर जातच नाही. मेशच्या डब्याला तार लावलीय ती.

काथ्याकूट_प्रेमी:
थांबा थांबा, तुमच्या मेशला तार आहे?

शेवटची_पायरी:
एकच आहे. हलके घ्या.

पिवळा_दिवा:
भिंतीत प्लग मारूच नका मुळात. भिंतीतली केबल सॉलिड तारेची, तिला की-स्टोन जॅक (भिंतीवरच्या प्लेटमधलं नेटचं भोक) पंच करा आणि जॅकपासून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड, ती बारीक तारांची लवचीक असते. १०० मीटरचा हिशोबही तसाच केलाय, ९० मीटर भिंतीतली आणि १० मीटर कॉर्डांची. प्रत्येक जागी एकाऐवजी दोन केबल टाका, खोदकाम तेवढंच. दोन्ही टोकांना नंबर लिहा, गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. बांधायला प्लास्टिकचे टाय आवळू नका, वेल्क्रो वापरा. फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून जात असेल तर एलएसझेडएच (कमी धुराच्या, बिनहॅलोजनच्या) सालीची घ्या, पीव्हीसी जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर होतो.

नवी_खिडकी:
वायरमनना बसवून हा अख्खा धागा वाचून दाखवला. आधी कुरकुरले, पण उघड्या तारेचा मुद्दा आला तेव्हा गप्प झाले. आता ठरलं ते असं: कॅट ६ यूटीपी, पूर्ण तांबं, दुकानात ब्लेड घेऊनच जाणार आहे. २५ मिमीचे पाइप, प्रत्येक खोलीला दोन केबल, वरच्या छताला अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी एक, टीव्हीमागे दोन, बाहेरच्या कॅमेर्‍यांना काळी. सगळं जिन्याखालच्या कपाटात येणार, तिथेच लाइटचा डीबी (एमसीबींची मुख्य पेटी) आहे म्हणजे एकाच ठिकाणी सगळं.

पाना_पक्कड:
बाकी छान, शेवटचं वाक्य खोडा. डीबीच्या कपाटात नेटचा पसारा नको. तिथे सगळ्या जाड वायरी एकवटतात, उष्णता असते, आणि उद्या राउटर रीस्टार्ट करायला घरातलं कोणीही त्या कपाटात हात घालणार. जिन्याखालीच ठेवायचं तर मधे भक्कम पडदी घालून वेगळा कप्पा करा, हवा खेळायला जाळी द्या, आणि राउटर-स्विचसाठी स्वतःचा प्लग पॉइंट.

झिरीवाला:
ताई, त्या वायरमनना सांगा नेटची झिरी आधी मारून घ्या आणि लाइटची नंतर. उलटं केलं की सोयीची वाट लाइट घेतं आणि नेटचा पाइप मग नको तिथून, तीन वळणं घेत जातो. आणि पाना_पक्कड, एक शंका: खोलीत प्लग आणि नेटचा जॅक एकाच मोठ्या प्लेटवर दिसायला बरं दिसतं, गिर्‍हाईक मागतंच. ते?

पाना_पक्कड:
मागची पेटी मधे पक्की पडदी असलेली आणि दोन्ही बाजूंना वेगळे पाइप येत असतील तरच. साध्या पेटीत नाही. नाहीतर शेजारी शेजारी दोन पेट्या लावा, दिसायला तेवढंच बरं दिसतं.

नवी_खिडकी:
दोन पेट्याच सांगितल्या. कपाटातली पडदी सुतार उद्या बघून जाणार आहे. ओलावा, ठिबकण्याच्या झोळाचं मी पण करतेय, आमचे कॅमेरेही वळचणीखालीच आहेत.

शेवटची_पायरी:
माझी तपकिरी जोडी निघाली होती. परत पंच केली, ९४० येतंय.